दस्तगीरभाईंचे चौदा जोड

दस्तगीरभाईंना खुर्चीत बसलेलं मी सहा वर्षांत तीनदा पाहिलं असेल, त्यातही एकदा अंगात ताप होता म्हणून. नाहीतर हा माणूस कायम उभा. चहा उभ्यानं, डबा जिन्याच्या पायरीवर उकिडवं बसून, आणि फोन आला की ऑफिसातल्या ऑफिसात येरझाऱ्या. माझा राग तर आधीच नाकावर. समोर कुणी असं हलत राहिलं की माझं डोकं फिरतं. मी म्हणायचे, "भाई, पायाला भिंगरी बांधलीय का? टेका की घटकाभर!"

"बसलो की गंज चढतो, ताई," ते म्हणायचे, आणि चालले खिडकीकडे.

आमचं ऑफिस जुन्नरला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. मालक सयाजीशेठ, मूळचे पेठचे. घरोघर इंटरनेट देण्याचा त्यांचा धंदा. एक लाइन त्यांच्या गावाकडे, आणि दुसरी जुन्नरहून गणेश खिंडीतून बनकर फाट्यावरून डिंगोऱ्याला. मी वृषाली. माहेर लोणीचं, सासर इथलंच. लोकांचे फोन घ्यायचे, तक्रारी लिहायच्या आणि कपाटातल्या मशिनींचे दिवे हिरवे आहेत का बघायचं, हे माझं काम. आणि दिवा लाल झाला की पळायचं, हे दस्तगीरभाईंचं.

ही लाइन म्हणजे काचेची तार, केसाएवढी. तिच्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडावर सगळ्यांचे टीव्ही, मोबाइल चालतात. तार तुटली की दोन्ही टोकं सोलायची, पुसायची, सरळ छाटायची आणि जोडमशीनमध्ये समोरासमोर धरायची. मशीन ठिणगी टाकतं आणि काच वितळून एकजीव होते. बाराएक सेकंद लागतात. त्या बारा सेकंदांत मी दस्तगीरभाईंना पाहिलंय. पाय हलत नाही, पापणी हलत नाही, श्वाससुद्धा धरून ठेवतात. मशीननं आकडा दाखवला की श्वास सोडायचे आणि लगेच पाय सुरू. छाटलेले काचेचे तुकडे कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून ते चुन्याच्या रिकाम्या डबीत भरायचे. डबी खिशात. जोडाचा नंबर आणि आकडा वहीत.

त्यांचे वडील घड्याळजी. जुन्नरच्या बाजारात हातभर रुंदीचं दुकान होतं. मोबाइल आले आणि हातावरची घड्याळं गेली, तसं दुकानही गेलं. पोराला वारशात काय मिळालं, तर डोळ्याला लावायचं काळं भिंग आणि न थरथरणारा हात. मग भाईंनी काय नाही केलं! अँटेना बसवल्या, डिशच्या छत्र्या बसवल्या, केबल टीव्हीच्या वायरी झाडाझाडांवरून ओढल्या. एक धंदा हातात बसेतोवर तो मेलेला असायचा. शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ऐकलं, की पेठजवळ हायवेच्या कडेला कुठल्याशा कंपनीची माणसं काचेची तार टाकतायत. हा माणूस आठ दिवस जुन्नरहून एसटीनं पेठला गेला. त्या पोरांना भजी न्यायची, त्यांच्या मशीनवर छत्री धरून उन्हात उभं राहायचं आणि बघायचं. फक्त बघायचं. नवव्या दिवशी त्यांच्यातला एकजण म्हणाला, "चाचा, अब आप करो." पहिलाच जोड असा बसला, की त्या पोरानं दोनदा आकडा तपासला.

डिंगोऱ्याच्या लाइनीत चौदा जोड आहेत. चौदाच्या चौदा दस्तगीरभाईंच्या हातचे. एकदा बोलता बोलता ते शेठना म्हणाले होते, "माझ्या हातचा जोड सुटलेला दाखवा, त्या दिवशी हे काम सोडतो." बोलायला काय जातं? पण शेठनी ते लक्षात ठेवलं.

मला शिकवायची त्यांना भारी हौस. एक दिवस डिंगोऱ्याचं मशीन बंद करून त्यांनी त्यातली पिवळी दोरी काढून दाखवली. मशीनच्या तोंडात अंगठ्याएवढी पोलादी डबी असते, तिला आम्ही मोड्यूल म्हणतो. उजेड ती तयार करते. तिच्यात ही पिवळी दोरी खोचायची, की उजेड निघाला डिंगोऱ्याला. दोरीच्या टोकाला तांदळाच्या दाण्यासारखं पांढरं नाक.

"ह्या नाकाच्या मधोमध केसाहून बारीक भोक हाय ताई. सगळ्या डिंगोऱ्याचा उजेड एवढ्यातनं जातो."

"एवढ्याशातून? खोटं!"

"खोटं कशाला बोलू? फक्त चालू असताना डोळ्याम्होरं धरायचं न्हाई. डोळा जाईल."

माझ्या मनात ते घर करून राहिलं. सगळं गाव त्या दाण्यातून जातं! मी घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं. त्याला काही त्याचं विशेष वाटलं नाही.

मग आली खंडेनवमी.

सकाळी शेठचा फोन, "वृषाली, हत्यारांची नीट पूजा कर. दस्तगीर पेठला गेलाय, तू एकटीच हायेस." मी शिडी पुसली, ड्रिल पुसलं, जोडमशीनला झेंडूचा हार घातला, मीटरला हळदीकुंकू लावलं. आमच्या लोणीला वडील खंडेनवमीला औताची, विळ्यांची, विहिरीवरच्या मोटारीची पूजा करतात. ते म्हणायचे, पोरी, जिथनं काम होतं तिथं टिळा लावावा. विळ्याच्या मुठीला लावून काय उपयोग, धारेला लाव. मोटारीच्या पाठीला लावून काय उपयोग, पाणी सोडते त्या तोंडाला लाव. तसं करतच मी मोठी झाले.

कपाट उघडलं आणि मला ते पांढरं नाक आठवलं. मी डिंगोऱ्याचं मशीन बंद केलं, मनात म्हटलं, पाच मिनिटं जाईल, सणाचं कोण ओरडतंय! पिवळी दोरी काढली. ओल्या बोटानं त्या नाकाला आधी हळद लावली, मग कुंकू. अगदी इवलासा टिळा. दोरी होती तशी खोचली, बटण दाबलं. दिवा हिरवा लागला. मी हात जोडले, उदबत्ती फिरवली, पेढा ठेवला. मला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू!

संध्याकाळी पाचला डिंगोऱ्याचा दिवा लुकलुकायला लागला. लागायचा, जायचा. दसऱ्याच्या सकाळी मी आले, तर लाल. पार मेलेला.

तोवर डिंगोऱ्याच्या लंकाबाईंचा तिसरा फोन. त्यांची लेक परदेशात असते. दर दसऱ्याला मायलेकी मोबाइलवर एकमेकींना बघून बोलतात.

"अगं ए बाय, माझी लेक तिकडं उपाशी बसलीय माझं तोंड बघाया. तुमचं इंटरनेट हाय का भुताटकी?"

"करतोय लंकाबाई, माणूस निघालाय."

"काल बी निघालाच व्हता!"

लंकाबाईंचा फोन ठेवला आणि शेठ जिना चढून आले. नवा सदरा, कपाळाला गंध, आणि तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. मागच्याच आठवड्यात पुण्याची एक टीम त्यांना भेटून गेली होती. त्यांच्याकडे असं मशीन आहे म्हणे, की एका जागी बसून तार कुठे तुटली ते मीटरमध्ये सांगतं. लाइनीची सगळी देखभाल आमच्याकडे द्या, असं ते शेठना म्हणत होते. शेठच्या डोक्यात तो किडा वळवळत होताच. त्यांनी त्या टीमला फोन लावला, आणि तिकडच्या पोरानं न बघताच सांगून टाकलं, "जोड गेला असणार साहेब. हातानं केलेले जोड असेच जातात."

तेवढ्यात दस्तगीरभाई आले. ते पहाटेच डिंगोऱ्याला जाऊन तिथला उजेड मोजून आले होते. "शेठ, तिथं उजेड पोचतोय, पन मेल्यावानी. रोज उणे एकोणीस असतो, आज उणे बत्तीस. म्हंजे वाटंत कुठंतरी अडतोय." बोलता बोलता त्यांच्या येरझाऱ्या चालू. मग माझ्याकडे वळले.

"ताई, हितली दोरी कुणी काढली व्हती का?"

आता मी काय सांगायला हवं होतं? पण देवाशप्पथ, माझ्या डोक्यात ते आलंच नाही. दोरी काढणं म्हणजे कामासाठी काढणं. पूजा म्हणजे का काढणं? ते माझ्या हिशेबातच नव्हतं. उलट मला झोंबलं, की सकाळपासून मी लंकाबाईंच्या शिव्या खातेय आणि हे माझ्यावरच येतायत.

"कोण काढणार? मी इथंच असते ना दिवसभर! दिवे बघा, डिंगोऱ्याचा सोडून सगळे हिरवे आहेत. तुमच्या जोडांचं बघा आधी."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. भाईंनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली. शेठना तेवढंच हवं होतं.

"ऐकलंस? ऑफिस ठीक हाय. तू डिंगोऱ्यापासनं एकेक जोड उघडत ये, एक बी सोडू नगं. तूच म्हणला व्हतास, जोड सुटला तर काम सोडतो. बारा वाजंस्तोवर लाइन आली पायजे दस्तगीर. न्हाई आली, तर उद्यापासनं पुण्याची टीम. मला लोकांच्या शिव्या खायच्या न्हाईत."

भाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्रेपन्नावं वर्ष त्यांचं. त्यांची बायको नजमुन्निसाभाभी मला एकदा म्हणाली होती, "यांना काम नाही मिळालं तर हे दोन दिवसांत आजारी पडतील बघा. घरात यांना भिंती चावतात." भाईंनी जोडमशीनवरचा झेंडूचा हार हळूच काढून टेबलावर ठेवला, मशीन खांद्याला अडकवलं आणि जिना उतरले.

मग सुरू झालं. चौदावा जोड, म्हणजे डिंगोऱ्याच्या टोकाचा, सव्वानऊला उघडला. पेटी उघडायची, तार कापायची, आलेला उजेड मोजायचा, तार परत जोडायची, पेटी बंद करायची. प्रत्येक जोडाला वीस-पंचवीस मिनिटं. मी फोनवर.

"चौदावा ठीक. उजेड कमीच."

"तेरावा ठीक."

"बारावा ठीक, ताई. पेटीत गांधीलमाशीचं पोळं व्हतं. दोन चावल्या. चालायचंच."

इकडे शेठ माझ्या समोर बसून टेबलावर बोटं वाजवत होते आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. मला ना धड बसवत होतं ना उठवत होतं. शेवटी मीच खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत चालायला लागले. शेठ म्हणाले, "तुला काय झालं गं आता?" मी म्हटलं, "काही नाही." खरंच, मलाही ठाऊक नव्हतं काय झालंय ते.

नवव्या जोडावरून भाईंचा फोन आला. ते खिंडीजवळ खांबावर होते, वारा कानात घोंगावत होता.

"ताई, एक इचारू? जुन्नरकडं यावं तसा उजेड वाढाय पायजे. तो वाढंना. मला वाटतं, ऑफिसातनंच कमी सुटतोय. मी मधले जोड सोडून तिकडं येऊ का? दोन मिनटात कळंल."

मी फोन बाजूला धरून शेठना विचारलं. शेठ कडाडले, "कारणं सांगू नगं म्हणावं! एकेक उघडत ये म्हणलंय ना!"

मी तसंच सांगितलं. सांगितलं ते सांगितलं, वर स्वतःची भर घातली, "आणि भाई, मी सकाळीच सांगितलं ना कुणी हात लावला नाही म्हणून? मी काय खोटी वाटते का तुम्हाला?"

वाऱ्यात पेटीचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "न्हाई ताई. तुमी म्हणता म्हंजे न्हाईच काढली. नववा ठीक हाय. आठव्याकडं निघतो."

बारा वाजले तेव्हा ते सातव्या जोडावर होते. शेठनी माझ्यादेखत पुण्याला फोन लावला, "उद्या या." एवढंच बोलून फोन ठेवला. मलाही आतून वाटायला लागलं होतं, की गेला असेल एखादा जोड, माणूस आहे, चुकतो.

खिंडीच्या अलीकडचे खांब आडवाटेला, एकेकाला पाऊण तास गेला. पहिला जोड जुन्नरच्या वेशीवर आहे. तोही ठीक निघाला. पावणेपाचला भाई जिना चढून आले. सदऱ्याला खांबाचा गंज, मनगट गांधीलमाशीनं सुजलेलं. माझ्याकडे न बघता सरळ कपाटाकडे गेले. डिंगोऱ्याचं मशीन बंद केलं. पिवळी दोरी काढली. खिशातून वडिलांचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि ते पांढरं नाक भिंगाखाली धरलं.

आणि दस्तगीरभाई थांबले. जोड करताना थांबतात तसे. बारा सेकंद झाले, वीस झाले, पाय हलेना.

मी दोन पावलं पुढे गेले. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि नाक पुसलं. बोळ्याला लाल लागलं, लालाच्या कडेनं पिवळं. त्यांनी बोळा उलटा करून पुन्हा पुसलं. पुन्हा लाल.

काल सकाळची उदबत्ती, ओलं बोट, तो टिळा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ओलं होतं तोवर उजेड कसाबसा निघाला असणार, वाळलं आणि वाट बुजली.

भाईंनी तो बोळा चुन्याच्या डबीत घातला, झाकण लावलं, डबी खिशात टाकली. मोड्यूलही बदललं, कारण त्याच्या तोंडातही कुंकू गेलं होतं. बटण दाबलं. दिवा हिरवा, पक्का हिरवा. मिनिटभरात लंकाबाईंचा फोन, "आली गं बाय लेक, दिसली! वाळून निम्मी झालीय!"

शेठ खुर्चीतून उठले. "काय व्हतं?"

"मोड्यूल गेलं व्हतं, शेठ. बदललं."

"म्हंजे हितंच व्हतं? ह्या खोलीत? आन् तू चौदा जोड कापत बसलास? लोकांचा सण नासला! आदी हितं बघाय काय झालं व्हतं?"

त्यांनीच बघू दिलं नव्हतं! आणि मी! मला वाटलं आता भाई बोलतील, माझ्याकडे बोट करतील. मी वाट बघत होते, खरं तर करावंच असं वाटत होतं.

"चुकलं, शेठ," भाई म्हणाले. त्यांनी जोडमशीन टेबलावर ठेवलं, शेजारी मीटर ठेवला, खिशातून पेट्यांच्या किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवला आणि खाली गेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर कोण, तर मी. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. भाई गल्लीत त्यांच्या जुन्या मोपेडला पायडल मारत होते. ती चालू होत नव्हती.

"भाई, तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हाला दिसलं ना कुंकू? मी लावलं होतं! का नाही सांगितलं?"

ते पायडल मारत राहिले. मग थांबले. रागावले होते. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

"चौदा जोड कापले ताई मी. तुमच्या एका शब्दावर. हाताची सालटी निघाली."

"मग तेच सांगायचं ना वर!"

"काय सांगायचं?" त्यांनी गल्लीत इकडेतिकडे बघितलं. आपट्याची पानं घेऊन माणसं जात-येत होती. मग आवाज बारीक करून म्हणाले, "तुमच्या हळदीकुंकवानं लाइन गेली, असं सांगायचं? मी? दसऱ्याच्या दिवशी? दस्तगीरनं?"

माझ्या नखात कालचं कुंकू अजून होतं, ते मी पदराला पुसलं.

"शेठ चांगलाच हाय. तुमी बी चांगल्या. पन हे गल्लीत गेलं, की कुनाच्या तोंडी कसं जाईल, ते मी सांगू शकत न्हाई. त्यापरीस काम गेलेलं परवडलं." आणि ते पुन्हा मोपेडकडे वळले.

सहा वर्षं मी या माणसाबरोबर एका खोलीत काम केलं. चहा वाटून प्यायले. भाऊबीजेला त्यांनी माझ्याकडून ओवाळून घेतलं. आणि एवढी साधी गोष्ट मला समजली नव्हती. मला स्वतःची एवढी चीड आली, की रडू फुटायच्या आत मी वळले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

वर शेठ होते, आणि शेजारचे दोन दुकानदार त्यांना सोनं द्यायला आलेले. मी सगळ्यांसमोर बोलले. "शेठ, दोरी मी काढली होती. काल पूजेला. तिच्या नाकाला मी हळदीकुंकू लावलं, त्यानंच लाइन गेली. भाईंचा एकही जोड गेला नव्हता."

शेठ आधी हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "काय बी बोलू नगं वृषाली. त्याला वाचवायला देवावर ढकलती काय? आमी बापजाद्यापासनं हत्यारं पूजतो. हळदीकुंकवानं कुठं लाइन जाती व्हय?" ते दोघं दुकानदारही माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी काहीतरी अभद्र बोललेय.

तेव्हा मला कळलं, की हे वाक्य माझ्या तोंडून एवढं जड जातंय, तर भाईंच्या तोंडून काय झालं असतं!

आणि माझं टाळकं सटकलं. कालचं पूजेचं तबक टेबलावर तसंच होतं. मी कपाट उघडलं, डिंगोऱ्याचं मशीन बंद केलं, पिवळी दोरी काढली. पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, हळदीत टेकवलं, कुंकवात टेकवलं आणि त्या पांढऱ्या नाकाला कालच्यासारखा इवलासा नाही, भोक पार बुजेल असा ठसठशीत टिळा लावला. दोरी खोचली. बटण दाबलं.

"हे बघा."

दिवा लाल.

फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला. लंकाबाई.

"अगं ए भवाने! लेक निम्मंच बोलली अन् गेली! काय खेळ लावलाय का माझ्यासंगं?"

"लंकाबाई, शेठ समोर आहेत, त्यांना सांगा," मी म्हटलं आणि फोन शेठच्या हातात दिला. लंकाबाईंनी सांगितलं. बरंच सांगितलं. शेठ नुसते "व्हय, व्हय मावशी" करत घामाघूम झाले. फोन ठेवून माझ्यावर ओरडले, "येडी झालीस का? आता कोण करनार हे?"

"बोलवा की पुण्याची टीम. त्यांचं मशीन बसल्या जागी सांगतं ना?"

"अगं, ती उद्या येनार!"

"मग लंकाबाईंना उद्यापर्यंत तुम्हीच थोपवा. मी दोरीला हात लावणार नाही. मला फक्त टिळा लावता येतो."

शेठनी माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, टेबलावरच्या किल्ल्यांकडे बघितलं. शेजारचा दुकानदार हळूच म्हणाला, "सयाजीराव, त्यो खालीच हाय अजून. त्याची गाडी चालू व्हईना."

नवा सदरा घातलेले सयाजीशेठ धाडधाड जिना उतरले. मी खिडकीतून बघत होते. खाली काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. शेठच बोलत होते, हातवारे करत. भाई मोपेडला धरून ऐकत होते. मग शेठनी पुण्याला फोन लावला, हे मात्र दिसलं. थोडं बोलून त्यांनी फोन खिशात टाकला आणि भाईंच्या पाठीवर हात ठेवला. तो भाईंनी ठेवू दिला. खुशीनं, की नुसताच, ते मला वरून समजलं नाही.

भाई वर आले. टेबलावरच्या किल्ल्या उचलून खिशात टाकल्या, जोडमशीन खांद्याला अडकवलं. मग कपाटाकडे गेले, मशीन बंद केलं, दोरी काढली, भिंग लावलं. माझं लाल-पिवळं बोट मी पदराखाली लपवलं होतं. ते त्यांनी बघितलं असणार.

शेठ, ते दोन दुकानदार, सगळे उभे होते. भाईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझ्याकडे वळून सकाळी विचारलं होतं तेच, त्याच शब्दांत पुन्हा विचारलं.

"ताई, हितली दोरी कुणी काढली व्हती का?"

"मी काढली," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कालही मीच काढली आणि आजही मीच."

"बरं," दस्तगीरभाई म्हणाले आणि नाक पुसायला लागले.